सोया कमी, पावडर जास्त: ब्रॉयलरच्या खाद्यातली अमिनो आम्लं, गणित की गंडवागंडवी?

खुराडेवाला · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं ब्रॉयलर करतोय, त्यातलं शेवटचं दीड वर्ष खाद्य स्वतः बनवतो. मका, सोयापेंड, थोडं तेल, चुना, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची भुकटी), मीठ, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण). मिथिओनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची (प्रथिन ज्यांचं बनतं ते घटक) पावडर पहिल्यापासून टाकतो, पण फॉर्म्युल्यात लिहिलंय म्हणून. का टाकतो, कमी पडलं तर काय होतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मागच्या बॅचला एका जाणकारांनी सल्ला दिला: "पक्ष्याला प्रथिन लागत नाही, अमिनो आम्लं लागतात. सोया कमी करा, जागा मक्याने भरा, लायसिन-मिथिओनिन वाढवा. प्रथिनाचा आकडा खाली येईल, पक्ष्याला पत्ताही लागणार नाही."

केलं तसं. आणि गंमत बघा. लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस, इतकं कोरडं मी कधी पाहिलं नव्हतं. तूस मुठीत घट्ट दाबून सोडलं तर सुटंच पडायचं. पहाटे पडदा वर करताना डोळ्यांना जे झोंबतं ते जवळजवळ बंद. मी खूश. एकविसाव्या दिवशी वजनं घेतली आणि खुशी उतरली. नेहमीपेक्षा सरासरी ६०-७० ग्रॅम मागे, आणि पक्षी लहान-मोठे, एकसारखे नाहीतच. एफसीआरही (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) बिघडला.

तर प्रश्न सरळ आहे. मला गंडवलं, की माझंच काही चुकलं?

चोचमारे · सोमवार, रात्री १०:३१

कोंबड्यांना जिमवाल्यांची पावडर! आता शेडमध्ये आरसे लावा, एकमेकांचे दंड बघत बसतील.

(पहिला नंबर माझा. आता जाणकार येईपर्यंत बसतो.)

शंकासुर · सोमवार, रात्री ११:०५

गंडवलंच. ज्याची पावडर खपायची असते तो सोया कमी करायला सांगतो, ज्याची सोया खपायची असते तो पावडरीला नावं ठेवतो. पक्षी धान्य आणि पेंड खाऊन वाढतो हे इतकी वर्षं चाललंय. डब्यातल्या पांढऱ्या भुकटीवर वाढवलेला पक्षी मला तरी खायला नको. असल्या पावडरींमुळेच तर ब्रॉयलर महिन्या-दीड महिन्यात फुगतात ना?

डॉ_पिसारा · मंगळवार, सकाळी ७:४०

खुराडेवाला, सल्ला देणारा खोटं बोलला नाही. अर्धंच बोलला.

जुन्या छापखान्यात खिळे जुळवून मजकूर लावायचे, ते डोळ्यांपुढे आणा. "काळं पिल्लू मोकळं पळालं" एवढंच लावायचंय आणि पेटीतले 'ळ' संपलेत. 'क'चे ढीग पडलेत, पण मजकूर 'ळ'पाशीच अडणार. प्रथिनाची साखळी अशीच जुळते. वीस प्रकारची अमिनो आम्लं, प्रत्येक जागेवर ठरलेलंच बसतं. एक कमी पडलं की बाकीची पडून राहतात. पक्षी ती पुढच्यासाठी साठवून ठेवू शकत नाही. मोडतो, आणि त्यातला नायट्रोजन युरिक आम्ल करून लिटरवर टाकतो. पहाटे तुमच्या डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया म्हणजे हे वाया गेलेले 'क'. म्हणून सोया कमी केल्यावर लिटर सुधारलं. तेवढा भाग सल्ल्याप्रमाणेच झाला. प्रथिनाचा आकडा एका टक्क्याने उतरवला की उत्सर्जित नायट्रोजन साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो.

आता वजन का मागे राहिलं? मका-सोयाच्या खाद्यात पहिला 'ळ' मिथिओनिन (सिस्टिन या जोडीच्या अमिनो आम्लासकट मोजायचं), दुसरा लायसिन, तिसरा थ्रिओनिन. त्यामागे व्हॅलिन, मग आयसोल्युसिन-आर्जिनिनचा नंबर. सोया काढलीत तेव्हा लायसिन आणि मिथिओनिन पिशवीतून भरून दिलंत. सोयाबरोबर जे थ्रिओनिन गेलं ते कुणी भरलं?

@शंकासुर, ब्रॉयलर लवकर वाढतो त्याचं मोठं कारण पिढ्यान् पिढ्यांची निवड. पावडर त्या वाढीला फक्त माल पुरवते. अमिनो आम्लं ही संप्रेरकं नाहीत, औषधंही नाहीत. सोयातलं लायसिन आणि पिशवीतलं लायसिन आतड्याच्या पलीकडे गेल्यावर एकच रेणू. फरक एवढाच की सोयातलं आधी पचून सुटं व्हावं लागतं आणि पिशवीतलं सुटंच असतं.

खुराडेवाला · मंगळवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, थ्रिओनिन मी आजवर कधीच टाकलेलं नाही. डबासुद्धा नाही आमच्याकडे.

आकडे देतो. आधी स्टार्टरमध्ये (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) मका ५७ टक्के, सोयापेंड ३७. मागच्या बॅचला मका ६२, सोया ३२. लायसिन टनाला अडीच किलोवरून चार किलो केलं, मिथिओनिन साडेतीनच्या पुढे थोडं वाढवलं. बाकी सगळं जसंच्या तसं.

अंगणवाली · मंगळवार, सकाळी ९:०२

'ळ'चं उदाहरण फार आवडलं डॉक्टर. वाचनखूण साठवली.

मिथिओनिन कमी पडल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, सांगते. आमच्याकडे दोन ड्रम शेजारी असतात, एकात लायसिन, एकात मिथिओनिन. नवीन माणूस कामाला आला होता. त्याने मिथिओनिनच्या ड्रममध्ये लायसिनची गोणी रिकामी केली. दोन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. पक्षी उलट जरा जास्तच खात होते, म्हणून मी खूश. मग अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी बघते तर पाठी उघड्या! पंखांवर पिसांच्या नळ्या नुसत्या काड्यांसारख्या उभ्या, पिसारा फुटलेलाच नाही. त्यावर एकमेकांना टोचणं सुरू. पक्षी हातात घेतला की गरम कातडी लागायची हाताला. ते लागणं मी विसरलेली नाही.

तेव्हापासून ड्रमच्या झाकणांना रंग दिलेत.

डॉ_पिसारा · मंगळवार, सकाळी ९:२०

ताई, अगदी पाठ्यपुस्तकातलं चित्र. पिसं ज्या प्रथिनाची बनतात ते केराटिन सिस्टिनने भरलेलं असतं, आणि सिस्टिन कमी पडलं तर पक्षी ते मिथिओनिनपासून बनवतो. उलटा प्रवास नाही, सिस्टिनपासून मिथिओनिन बनत नाही. जास्त खाणं हेही खरं: तूट थोडी असेल तर पक्षी जादा खाऊन भरून काढायला बघतो. त्यात ऊर्जा जादा जाते, ती चरबी होऊन बसते. तूट मोठी झाली की मग खाणंच सोडतो.

मिक्सरवाला · मंगळवार, सकाळी ११:४८

ड्रम अदलाबदलीवर घरगुती उपाय. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पावडर टाकून ढवळा. लायसिन हायड्रोक्लोराइड झटक्यात विरघळून पाणी साफ होतं. मिथिओनिन साधारण तीन ग्रॅमच विरघळतं, उरलेलं तळाशी आणि थोडं वर तरंगत राहतं. शिवाय मिथिओनिनला गंधकाचा वास येतो. एकदा नाकात बसला की डोळे मिटून ओळखता.

याच कारणाने मिथिओनिनची साधी पावडर पाण्याच्या टाकीत टाकू नका रे कोणी! आमच्या ओळखीत एकाने "खाद्यात राहिलं तर पाण्यातून देतो" म्हणून टाकलं. सगळं टाकीच्या तळाला बसलं आणि जे सरकलं ते निपलमध्ये (पक्षी पाणी पितात त्या तोट्यांत) अडकलं. भर उन्हात अर्धी लाईन कोरडी.

आणि @खुराडेवाला, मिसळता कसं? टनाला तीन-चार किलो म्हणजे किलोला तीन-चार ग्रॅम. थेट मिक्सरमध्ये ओतलं तर कुठे ढेकूळ, कुठे काहीच नाही. पक्षी लहान-मोठे निघाले म्हणालात म्हणून विचारतोय.

खुराडेवाला · मंगळवार, दुपारी १२:१०

थेट ओततो. 🙈

मिक्सरवाला · मंगळवार, दुपारी १२:१४

वाटलंच. दहा-पंधरा किलो बारीक भरड्यात आधी सगळ्या पावडरी एकत्र करा, मग तो भरडा मिक्सर अर्धा भरल्यावर सोडा. तेल सगळ्यात शेवटी. तेल आधी पडलं की पावडर त्याला चिकटून गोळ्या होतात. लायसिन तसंही ओल धरतं, पोत्याचं तोंड उघडं ठेवू नका.

रसायनी · मंगळवार, दुपारी १:३०

पिशवीवरच्या अक्षरांबद्दल थोडं, कारण तिथे बरेच जण फसतात.

लायसिन 'एल' असतं, मिथिओनिन 'डीएल'. एल आणि डी म्हणजे डावा-उजवा हात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. शरीर प्रथिनात फक्त 'एल' घेतं. मिथिओनिनचं नशीब असं की कोंबडीच्या शरीरात 'डी'चं 'एल' करणारी यंत्रणा आहे, म्हणून अर्धं-अर्धं मिश्रण चालतं. लायसिनला ती सवलत नाही, 'डी' लायसिन कोंबडीला शून्य उपयोगाचं. म्हणून लायसिन जिवाणूंकडून करून घेतात. ते नेमकं 'एल'च बनवतात. १९५०च्या दशकात जपानमध्ये शुकुओ किनोशिता आणि सहकाऱ्यांना ग्लुटामिक आम्ल बनवणारा मातीतला जिवाणू सापडला, त्याच्याच वाणांनी पुढे लायसिनचे कारखाने उभे केले. साखर खातो, लायसिन बाहेर टाकतो. मिथिओनिन मात्र बहुतांश रासायनिक मार्गाने, ॲक्रोलिन, मिथाइल मर्कॅप्टन आणि हायड्रोजन सायनाइडपासून.

पिशवीवर '९८.५ टक्के' लिहिलेलं असतं ते लायसिन हायड्रोक्लोराइडचं. त्यात निव्वळ लायसिन ७८ टक्के. लायसिन सल्फेट मिळतं त्यात आणखी कमी, साधारण ५० ते ५५, बाकी सल्फेट आणि जिवाणूंचा वाळलेला गाळ. हायड्रोक्लोराइडच्या जागी किलोला किलो सल्फेट टाकलंत तर तूट ठरलेली.

शंकासुर · मंगळवार, दुपारी १:४४

सायनाइड!!! आणि मला म्हणतात पावडर आणि पेंड एकच!

चोचमारे · मंगळवार, दुपारी १:४६

शंकासुरांच्या हाती कोलीत. रसायनीबुवा, आता पुढचे पन्नास प्रतिसाद तुमच्या नावावर.

रसायनी · मंगळवार, दुपारी २:२०

:) सायनाइड कच्चा माल आहे. त्यातला कार्बनच पुढे मिथिओनिनच्या आम्ल-गटाचा कार्बन होऊन बसतो. विटांची भिंत झाल्यावर माती कुठे शोधायची?

तरी शंकासुरांचा आक्षेप अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत कृत्रिम अमिनो आम्लं चालत नाहीत. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मिथिओनिन चालतं, पण मर्यादेत. मिथिओनिन न टाकता वाढवायचं तर प्रथिन भरपूर द्यावं लागतं, म्हणजे पुन्हा ओलं लिटर, अमोनिया, तळपायाला फोड. ते ज्याचं त्याने ठरवावं.

शंकासुर · मंगळवार, दुपारी ३:०५

भिंतीचं उदाहरण चलाख आहे, पण चालेल. संप्रेरकाचा मुद्दा मागे घेतो. "विकणारा आपल्या फायद्याचं सांगतो" हा घेत नाही.

जुनापुराणा · मंगळवार, दुपारी ४:३३

शंकासुरांच्या शेवटच्या वाक्याला पुरावा देतो. १९९०च्या दशकात लायसिन बनवणाऱ्या जगातल्या बड्या कंपन्यांनी आपसांत बसून भाव आणि वाटे ठरवले होते. अमेरिकेत खटला झाला. १९९६ मध्ये आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीने गुन्हा कबूल केला आणि लायसिन व सायट्रिक आम्ल मिळून १० कोटी डॉलर दंड भरला. आतल्याच एका अधिकाऱ्याने गुपचूप टेप केलेल्या बैठका पुरावा म्हणून आल्या. कोंबडीच्या खाद्यातल्या पावडरीवरून इतकं रामायण!

अवांतर संपलं. आता माझा प्रश्न. माझ्याकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा १९९४ चा तक्ता आहे. त्यात पहिल्या तीन आठवड्यांना लायसिन १.१० टक्के, मिथिओनिन अधिक सिस्टिन ०.९०, थ्रिओनिन ०.८० दिलंय. धागाकर्त्यांच्या जुन्या फॉर्म्युल्याचं गणित केलं तर लायसिन पावडर न टाकताच १.१९-१.२० येतं. मग टाकायचं कशाला?

डॉ_पिसारा · मंगळवार, रात्री ९:१५

आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. दवाखाना आटोपून आलोय, बसून लिहितो. लांबेल.

तुमचा हिशेब बरोबर आहे. मक्यात लायसिन ०.२५ टक्के, ४६ टक्के प्रथिनाच्या सोयापेंडीत २.८५ च्या आसपास. ५७ भाग मका, ३७ भाग सोया: ०.१४ अधिक १.०५, म्हणजे १.१९. पण यात दोन फटी आहेत. १९९४ चा तक्ता ज्या प्रयोगांवर उभा आहे ते त्याहून जुने, आणि ते पक्षी आजचे नव्हेत. दुसरी फट जास्त महत्त्वाची: १.१९ हे एकूण लायसिन. त्यातलं पक्ष्याच्या रक्तात पोचतं ते सुमारे ९० टक्के, म्हणजे १.०८. आजच्या जातींचे तक्ते पहिल्या दहा दिवसांना पचनीय लायसिन १.२८ किंवा वरच मागतात. तूट ०.२०. भागिले ०.७८. टनाला सुमारे अडीच किलो लायसिन हायड्रोक्लोराइड. खुराडेवाल्यांच्या जुन्या फॉर्म्युल्यात नेमकं तेवढंच होतं! म्हणजे तो फॉर्म्युला लिहिणाऱ्याला गणित येत होतं.

नव्या फॉर्म्युल्यात, ६२ आणि ३२ वर, पचनीय लायसिन ०.९६. तूट ०.३२, म्हणजे चार किलो. तेही बरोबर टाकलंय. लायसिनपुरता सल्ला चोख.

आता थ्रिओनिन. बाकीची अमिनो आम्लं लायसिनला १०० धरून मोजतात. लायसिनच का? कारण शरीरात गेलेलं लायसिन जवळजवळ सगळं मांस बनवण्यातच जातं, इतर कामं फारशी नाहीत, आणि ते मोजायलाही सोपं. त्या हिशेबाने मिथिओनिन-सिस्टिन ७४ च्या आसपास, थ्रिओनिन ६६, व्हॅलिन ७५-७६. म्हणजे थ्रिओनिन हवं १.२८ च्या ६६ टक्के, ०.८४. जुन्या फॉर्म्युल्यात पचनीय ०.७२ होतं, नव्यात ०.६५. आधीही तूट होतीच, ०.१२ ची. सोया काढल्यावर ती ०.१९ झाली. आणि मजा अशी की लायसिन पुरेपूर भरूनही काही फायदा झाला नाही. 'क'चा आणखी एक ढीग पेटीत पडला.

थ्रिओनिनचं आणखी एक काम आहे. आतड्याच्या आतून जो बुळबुळीत थर असतो त्याचं प्रथिन थ्रिओनिनने ठासून भरलेलं असतं. कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवींचा रोग) वगैरे झालं की तो थर पुन्हा पुन्हा बांधावा लागतो आणि गरज आणखी चढते.

अंगणवाली · मंगळवार, रात्री ९:४०

मग सगळंच थोडं थोडं जास्त टाकलं तर? कमी पडायला नको.

डॉ_पिसारा · मंगळवार, रात्री १०:०५

ताई, नको. मिथिओनिन तर जादा झाल्यावर सगळ्यात त्रासदायक अमिनो आम्ल, खाणं आणि वाढ दोन्ही पाडतं. लायसिन फार झालं तर मूत्रपिंडात आर्जिनिन मोडणारं विकर वाढतं. पक्ष्यांकडे आपल्यासारखं युरिया-चक्र पूर्ण नसतं, त्यामुळे आर्जिनिन त्यांना स्वतः बनवता येत नाही. एकीकडे बनत नाही, दुसरीकडे मोडतंय. तसंच मक्याच्या ग्लुटेनमध्ये ल्युसिन खच्चून असतं, ते व्हॅलिन-आयसोल्युसिनच्या मुळावर येतं.

आणि खाली उतरायलाही तळ आहे. युरिक आम्लाचा प्रत्येक रेणू बनवताना ग्लायसिनचा एक रेणू खर्ची पडतो. प्रथिन खूप उतरवलं की लहान पिल्लांना ग्लायसिनच पुरत नाही. प्रथिन दोन-तीन टक्क्यांपलीकडे ओढलं की सगळी आवश्यक आम्लं मोजून दिली तरी वाढ मागे राहिल्याचे प्रयोग भरपूर आहेत.

चोचमारे · मंगळवार, रात्री १०:११

म्हणजे कमी झालं तरी मरण, जास्त झालं तरी मरण. माझ्या कार्यालयातल्या सुट्ट्यांसारखं.

रसायनी · बुधवार, सकाळी ८:५०

डॉक्टरांच्या गणितात माझी एक भर. लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये १९ टक्क्यांवर क्लोराइड असतं. दीड किलो वाढवलंत म्हणजे क्लोराइड वाढवलंत. दुसरीकडे सोयात पोटॅशियम मक्याच्या कितीतरी पट, ते पाच भाग कमी झाले. सोडियम अधिक पोटॅशियम वजा क्लोराइड हा जो तोल, तो किलोला ३० मिलिइक्विव्हॅलंटने घसरला असणार. लक्ष्य साधारण २५० चं. उपाय सोपा, थोडं मीठ काढून त्याजागी खाण्याचा सोडा. सोडियम तेवढंच राहतं, क्लोराइड उतरतं.

डॉ_पिसारा · बुधवार, सकाळी ९:१०

रसायनीबुवा, सुटलंच होतं माझ्याकडून.

आणि खुराडेवाला, एक विचारायचं राहिलं. ती सोयापेंड दिसते कशी? रंग?

खुराडेवाला · बुधवार, सकाळी ९:३२

नेहमी पिवळसर असते. मागची खेप जरा तांबूस होती. वासही भाजल्यासारखा. मला वाटलं चांगली भाजलीय, कच्ची राहण्यापेक्षा बरी.

डॉ_पिसारा · बुधवार, सकाळी ९:४१

अरे देवा. हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं!

सोया कच्ची वाईट, कारण त्यातले ट्रिप्सिन-रोधक (पचनाच्या विकराला अडवणारे घटक) खाद्यातलं प्रथिन पचू देत नाहीत. करपलेली तेवढीच वाईट, कारण उष्णतेने लायसिनची मोकळी टोकं साखरेला चिकटतात. तांबूस रंग आणि भाजका वास त्याचाच. प्रयोगशाळेत प्रथिन मोजलं तर ४६ च्या ४६ दिसेल, नायट्रोजन कुठे जात नाही. पण ते लायसिन पक्ष्याला मिळत नाही. वरचं माझं सगळं गणित चांगल्या पेंडीचं आहे.

नमुना पाठवा. युरिएज आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली प्रथिन-विद्राव्यता, दोन्ही करून घ्या. युरिएज कच्चेपणा पकडतं, करपणं पकडत नाही. विद्राव्यता साधारण ७८ ते ८५ असावी, ७० च्या खाली म्हणजे करपलेली.

खुराडेवाला · पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६:२०

रिपोर्ट आला. प्रथिन ४६.२. विद्राव्यता ६६.

मी कागद हातात घेऊन गोदामात त्या पोत्यांकडे बघत बसलोय.

मिक्सरवाला · पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६:३१

आता कागद जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला पोतं उतरवायच्या आधी मूठभर पांढऱ्या कागदावर टाकून उजेडात बघा. मागच्या चांगल्या खेपेचा नमुना काचेच्या बाटलीत ठेवायचा आणि शेजारी धरायचा. डोळा खोटं बोलत नाही, शेजारी काही असेल तर.

खुराडेवाला · दोन महिन्यांनी, रविवार, रात्री ९:००

धागा वर काढतोय. अर्धवट सोडलेला धागा मला स्वतःलाच आवडत नाही.

बॅच झाली. पेंड बदलली, नमुना बघून घेतली, विद्राव्यता ८१. सोया ३४ वर ठेवली, थेट ३२ ला गेलो नाही. थ्रिओनिन टनाला दीड किलो घातलं. थोडं मीठ काढून सोडा. पावडरी आधी भरड्यात कालवून. एकविसाव्या दिवसाचं वजन जुन्या बॅचेसच्या बरोबरीला आलं, थोडं वरच. पक्षी एकसारखे. लिटर ३२ च्या वेळेइतकं कोरडं नाही, पण आधीपेक्षा पुष्कळ बरं. पहाटे पडदा उघडताना डोळे उघडे ठेवता येतात.

शंकासुर · रविवार, रात्री ९:१६

अभिनंदन. पण चार गोष्टी एकदम बदलल्यात. काम कशाने झालं? पेंडीने, थ्रिओनिनने, सोड्याने, की भरड्यात कालवण्याने? पावडर नसती घातली तर नुसत्या चांगल्या पेंडीनेही एवढंच वजन आलं असतं, नाही कशावरून?

खुराडेवाला · रविवार, रात्री ९:२४

नाही सांगता येत. खरंच नाही. पुढच्या वेळी शेडमध्ये मधोमध जाळी मारतोय. पेंड, मका, सोडा दोन्हीकडे तेच, एका बाजूला थ्रिओनिन, एका बाजूला नाही. तुम्ही वजनं बघायला या.

शंकासुर · रविवार, रात्री ९:२६

हे मान्य. येतो. नर-मादी दोन्हीकडे सारखे सोडा म्हणजे झालं, नाहीतर त्यावरून भांडेन.

अंगणवाली · रविवार, रात्री ९:५०

तिसरा ड्रम आला म्हणजे तिसरा रंग. झाकण रंगवलंत का?

खुराडेवाला · रविवार, रात्री ९:५५

रंगवलं ताई. लायसिन पिवळं, मिथिओनिन तांबडं, थ्रिओनिन निळं. नावं ड्रमच्या पोटावर लिहिलीत, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.

चोचमारे · रविवार, रात्री १०:०२

काय मग, पेटीत 'ळ' पुरेसे झाले का?

खुराडेवाला · रविवार, रात्री १०:०८

'ळ' झाले. ३२ ला परत जायचं म्हणून कालच डॉक्टरांना फॉर्म्युला दाखवला. आता 'व्ह' कमी पडतोय म्हणाले.